भोंग्याची तीन अक्षरं

सकाळी सातचा भोंगा झाला नाही, म्हणून कुशाबा घाडीने पेज घेतली नाही.

ही अठरा जानेवारी एकोणीसशे ब्याऐंशीची गोष्ट. त्या दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला हे अख्ख्या लालबागला ठाऊक होतं. कुशाबालाही त्याच्या मुलाने, लवूने, आदल्या संध्याकाळी कानात ओरडून सांगितलं होतं. ओरडून सांगावं लागे, कारण छत्तीस वर्षं साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, काढल्यावर म्हाताऱ्याचे कान कंपनीकडेच जमा राहिले होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. पण माणूस निवृत्त झाला तरी त्याचं पोट अजून मस्टरवर होतं. सातच्या भोंग्याला पेज, साडेतीनच्या भोंग्याला भात, रात्री बाराच्या भोंग्याला कूस बदलायची. भोंगा त्याला कानाने ऐकू येत नसे, बरगड्यांना ऐकू येई.

"बाबांनू, पेज घेवा. निवली," त्याची सून, लवूची बायको जाईबाई, कानाशी ओरडली.

"भोंगो होवंदे."

"भोंगो नाय होवचो. संप आसा."

"संप कामाचो. भोंग्यान काय केल्यान?"

या प्रश्नाला मालकांकडे उत्तर नव्हतं, युनियनकडे नव्हतं, सरकारकडे तर प्रश्नच पोचला नव्हता. जाईबाईने वाटी झाकून ठेवली. चार दिवस ती रोज वाटी भरत होती आणि झाकत होती. म्हातारा पाणी पीत होता, विडी ओढत होता, पण अन्न म्हटलं की छताकडे बोट करायचा. वर गिरणीची चिमणी दिसते असा त्याचा समज होता. वर फक्त तुळई होती.

लवू त्याच गिरणीत वायरमन. त्याने तीन फुटी लोखंडी पाईप आणला, बापासमोर मांडी घालून बसला आणि गालफडं फुटेस्तोवर फुंकला. चाळीतली पोरं टाळ्या वाजवून गेली. कुशाबा म्हणाला, "भोंगो गिरणीतसून येता, झिला. तुझ्या तोंडातसून येता ती शिटी."

तेव्हा लवूचं लक्ष फळीवरच्या रेडिओकडे गेलं. जुना, व्हॉल्वचा, तापायला पाच मिनिटं घेणारा. कुशाबाचा त्या रेडिओवर मालवणातल्या देवावर नव्हता इतका विश्वास. रेडिओवर सांगितलं म्हणजे खरं. रेडिओ सरकारचा, आणि सरकार खोटं बोलत नाही असं मानणारा शेवटचा माणूस त्या दहा बाय दहाच्या खोलीत खाटेवर पडला होता. भोंगा रेडिओतून आला तरच त्याला तो अधिकृत वाटणार होता.

लवूने चोरबाजारातून टाकाऊ व्हॉल्व आणले, पाईपच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळली, बिस्किटाच्या डब्यात सगळं बसवलं आणि डब्यातला आवाज हवेतून रेडिओत शिरावा म्हणून चाळीच्या गॅलरीत कपडे वाळवायच्या दोरीसोबत एक वायर टांगली. पहिल्या दिवशी रेडिओतून जो आवाज निघाला त्यावर म्हातारा पाऊण मिनिट विचार करून म्हणाला, "रे मेल्या, हो भोंगो न्हय. बोकड वरडता." आठव्या दिवशी आवाज जमला. खालून घुमत येणारा, मध्ये थरथरणारा, शेवटी दमेकऱ्यासारखा बसणारा. रेडिओखालची फळी हादरली, फळीची भिंत हादरली, भिंतीला टेकलेल्या बरगड्या हादरल्या. कुशाबा उठून बसला.

"बॉयलर तापलो," तो म्हणाला. "आण गे पेज."

एवढ्यावर ही गोष्ट संपायला हवी होती. कुठल्याही शहाण्या देशात संपली असती.

पण बिस्किटाच्या डब्याची ताकद लवूला वाटली त्यापेक्षा जास्त निघाली. आजूबाजूच्या तीन चाळींत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांना भोंगा ऐकू येऊ लागला. आणि लोकांना तो हवाच होता. संपात माणसांकडे वेळ होता, पण किती वाजलेत ते कुणाला कळत नव्हतं. बायका पाणी भरायला चुकत होत्या, पोरं शाळेला चुकत होती. आता पुन्हा सगळे वेळेवर उपाशी राहू लागले. मग चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी दगडू याच्या डोक्यात समाजसेवा शिरली. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या डोक्यात ती सकाळीच शिरते. त्याने मंडळाचा लाऊडस्पीकर काढला आणि त्याचा माईक रेडिओच्या तोंडाला बांधला.

त्या दिवशी भोंगा लालबागपासून परळ नाक्यापर्यंत वाजला. दोनशे माणसं गिरणीच्या गेटाकडे धावली. कामावर जायला नव्हे, कामावर कोण जातंय ते बघायला. प्रत्येकाने बाकीच्या एकशे नव्याण्णव जणांना फितूर समजून शिव्या घातल्या. युनियनने तक्रार केली की मालकांनी संप फोडायला खोटा भोंगा वाजवला. मालकांनी तक्रार केली की युनियनने गिरणीची बदनामी करायला खोटा भोंगा वाजवला. त्या अख्ख्या संपात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्याच मुद्द्यावर.

तिसऱ्या दिवशी सरकारच्या वायरलेस खात्याचे दोन इन्स्पेक्टर पंचनाम्याचे कागद घेऊन खोलीत आले. त्यांनी लवूला विचारलं, "स्टेशनचं नाव?"

"कसलं स्टेशन? डबा आहे."

"संकेताक्षरं कोणती?"

"म्हंजे?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लिहिलं: सदर इसम निनावी स्टेशन चालवीत असून स्टेशनला अक्षरे नाहीत, ही बाब गंभीर आहे. डबा जप्त झाला. रेडिओ हा पुरावा असल्यामुळे त्याच्या बटणांना लाखेची लाल सीलं ठोकून तो लवूच्याच राखणीत दिला. सील तुटलं तर राखणदार जबाबदार, आणि राखणदार फळीखाली झोपणार.

"आता बाबांका काय खावक घालू? लाख?" जाईबाईने विचारलं.

"अक्षरं आणा, डबा न्या," मोठा इन्स्पेक्टर म्हणाला. "सोपं आहे."

अक्षरं देणारं कार्यालय कॉटन ग्रीनला होतं. कापसाच्या जुन्या गोदामात गासड्या होत्या तिथे आता फायली होत्या आणि गासड्यांवर बसायची माणसं फायलींवर बसली होती. दारावर पाटी: ध्वनिलहरी व संकेताक्षर नियंत्रण कार्यालय. आत श्री. अष्टपुत्रे. गिरगावातले, स्वच्छ धोतरासारखी भाषा बोलणारे. त्यांनी लवूला बसा म्हटलं नाही, पण उभं राहा असंही म्हटलं नाही. सौजन्याची ही सरकारी जात आहे.

"हे बघा घाडी, प्रत्येक स्टेशनला अक्षरं असतात. जहाजाला असतात, विमानाला असतात. पहिल्या महायुद्धाच्या आधी मोठ्या राष्ट्रांनी टेबलावर बसून अक्षरांची वाटणी केली. साहेबाने स्वतःला काय हवं ते घेतलं आणि आपल्याला व्ही दिला."

"व्हीच का?"

"काही लोक म्हणतात, व्ही म्हणजे व्हाइसरॉय. त्याला आधार नाही. पण आमच्या फायलीत तसं लिहिलंय."

"मग खरं काय?"

"फाईल." अष्टपुत्र्यांनी चष्मा पुसला. "तर व्ही आणि यू ही दोन सरकारची. तिसरं तुमचं. मुंबई आकाशवाणीने बी नेलं, दिल्लीने डी नेलं. तुमच्यासाठी के शिल्लक आहे."

"द्या मग के."

"देतो ना. फक्त स्तंभ क्रमांक नऊ भरा. मागितलेल्या अक्षराचा उगम व अर्थ, पुराव्यासह."

लवूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "साहेब, अक्षर तुम्ही देताय. अर्थ मी कुठनं आणू?"

"अक्षर सरकारी आहे. अर्थ ही अर्जदाराची जबाबदारी आहे."

"तुम्ही व्हीचा अर्थ आणला होता?"

अष्टपुत्रे दुखावले. "आम्हांला गुलामीत मिळालं. तुम्ही स्वतंत्र भारतात मागताय."

लवूने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं: के म्हणजे कामगार. अष्टपुत्र्यांनी लाल शाईने शेरा मारला: औद्योगिक विवाद प्रलंबित असेपर्यंत 'कामगार' या शब्दास अर्थ आहे किंवा कसे, यावर या कार्यालयास भाष्य करता येणार नाही.

बाहेर बाकावर शीव कोळीवाड्याचा धर्मा बसला होता. याने होडीवर एक कर्णा बसवला होता. किनाऱ्याला यायच्या आधीच बायकोला ओरडून सांगायचा, आज बोंबील की कोळंबी. ते प्रसारण ठरलं. धर्मा नऊ वर्षं खेटे घालत होता.

"काय रं दादूस, कंचं अक्षर?"

"के."

"नशीबवान हाय. मना एक्स देल्ता. एक्सचा अर्थ सांग म्हनतान." धर्माने तंबाखू मळली. "मी लिवलं, सासूचा अंगठा."

"मंजूर झालं?"

"झालं ना. मंग सासूचा पत्ता मागला. तवर होडी कुजली, चुलीत घातली. पन अक्षर सोडनार न्हाय. येक दिस मिलंलच."

"आणि मग काय करशील?"

धर्माने यावर नऊ वर्षांत विचार केला नव्हता. त्याने तंबाखू तोंडात टाकली.

इकडे कुशाबाचं मनगट जाईबाईच्या बांगडीत मावू लागलं. पाणी म्हणून पाजलेल्या पेजेच्या निवळीवर तो कसाबसा तगला होता; ती चमच्याने पेज ओठांवर लावायची, तो जिभेने बाहेर ढकलायचा. चिडून नव्हे. कामाच्या आधी जेवायचं नसतं, एवढाच त्याचा हिशेब. एकदा त्याने फळीवरची लाल सीलं पाहिली आणि खूश झाला. गिरणीत दसऱ्याला साच्यांना कुंकू लावायचे.

"रेडियोक कुकू कोणी लावला? दसरो इलो काय गे?"

"इलो, बाबांनू," जाईबाई कानाशी ओरडली. मे महिना चालला होता. "दसऱ्याचा गोड करतंय, खातलास?"

"खातंय. भोंगो होवंदे."

दगडूने चाळीची सभा बोलावली. विषय: 'के'चा अर्थ. चाळीत पाणी येत नव्हतं, धान्य नव्हतं, आठ बिऱ्हाडं गावी गेली होती, पण सभेला एकशे दहा माणसं आली. लवूने उभं राहून सांगितलं की बाप मरतोय, कुठलाही अर्थ चालेल, लवकर सांगा. 'कुठलाही' हा शब्द चाळीतल्या सभेत उच्चारू नये हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

एकजण म्हणाला, के म्हणजे कणकवली. लगेच पलीकडच्या गाववाल्यांच्या खोलीतून वीस माणसं उठली, कुडाळ का नको? खानावळ चालवणारी सुभद्रा म्हणाली, संपात तुम्हां मेल्यांना उधारीवर कोण पोसतंय? इंग्रजीत खानावळ केनेच लिहितात, तेव्हा के माझा. दगडूने सुचवलं, के म्हणजे कमिटी. म्हणजे वादच नाही. तीन तासांनी सर्वानुमते ठरलं की कणकवली, कुडाळ व खानावळ यांची प्रत्येकी एक उपसमिती नेमावी आणि तूर्त कोकण हा अर्थ पाठवावा.

अष्टपुत्रे म्हणाले, "छान. कोकणातल्या चारही जिल्ह्यांचं ना हरकत पत्र आणा." लवू म्हणाला, मग कापड. अष्टपुत्र्यांनी मालकांचं मत मागवलं. मालकांनी उलट टपाली कळवलं की कापड हे गिरणीचं उत्पादन असून त्या शब्दावर कामगारांचा कोणताही हक्क पोचत नाही. त्या वर्षी मालकांनी कामगाराविषयीच्या एवढ्या एकाच पत्राला उत्तर दिलं असेल.

लवू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. जाईबाई म्हाताऱ्याचे पाय चेपत होती. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिला सरळ दिसत होतं.

"ज्येच्यासाठी डबो केलात, तेचाच नाव घाला मा. कुशाबा. हो काय केत नाय?"

लवूने बायकोकडे पाहिलं. चार महिने, एक सभा, तीन उपसमित्या, आणि अर्थ खाटेवर पडला होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो कॉटन ग्रीनला हजर. के म्हणजे कुशाबा. पुरावा: रेशनकार्ड. अष्टपुत्र्यांनी अर्ज वाचला आणि पहिल्यांदाच लवूला खुर्ची दिली.

"उत्तम. अत्यंत स्वच्छ अर्थ. वाद नाही, हितसंबंध नाहीत. कधी वारले?"

"कोण?"

"हे कुशाबा."

"वारले नाहीत. वारू नयेत म्हणून तर सगळं चाललंय!"

अष्टपुत्र्यांचा चेहरा पडला. "अरेरे. मग अडचण आहे. हयात व्यक्तीचं नाव देता येत नाही. रस्त्याला नाही, चौकाला नाही, अक्षरालाही नाही. उद्या त्यांनी काही गैरकृत्य केलं तर?"

"साहेब, माणसाला कूस बदलता येत नाही. गैरकृत्य काय करणार?"

"नियम माणूस बघून केलेला नसतो, घाडी."

"ते दिसतंच आहे. कुणी माणूस बघितला असता तर असला नियम केलाच नसता." लवूचा आवाज चढला. गोदामभर कारकुनांनी माना वर केल्या आणि कापसाच्या जुन्या धुळीने शिंकून परत खाली घातल्या. "डबा दिलात तर म्हातारा जगेल. म्हातारा मेला तर डबा देणार. यात तुम्हांला काहीच वाटत नाही?"

अष्टपुत्रे माणूस म्हणून वाईट नव्हते. असली माणसं कधीच वाईट नसतात. तीच तर पंचाईत. ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "वडील अन्न घेत नाहीत म्हणता ना? मग थोडं थांबा. अर्ज मी वरच ठेवतो."

त्यांनी शब्द पाळला. कुशाबा ऑगस्टच्या बारा तारखेला गेला. सकाळचे पावणेसात झाले असावेत. शेवटी त्याने मुलाला विचारलं, "बॉयलर तापलो?" लवू उठला. राखणदार जबाबदार, दंड, कैद, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. त्याने फळीवरच्या रेडिओची लाख नखांनी उपसून काढली, बटण फिरवलं. व्हॉल्व लाल झाले. पाच मिनिटांनी रेडिओ तापला. त्यातून बाजारभाव आले. गूळ, शेंगदाणा, सरकी. डबा कॉटन ग्रीनला होता, भोंगा कुठून येणार?

लवूने कोपऱ्यातला पाईप उचलला आणि फुंकला. म्हाताऱ्याने डोळे न उघडता मान हलवली, नाही म्हणून.

मृत्यूचा दाखला जोडल्यावर अक्षर अकरा दिवसांत मंजूर झालं. पत्र तेराव्याला आलं, पान वाढलेलं असताना. व्ही यू के. 'के: कै. कुशाबा घाडी यांच्या स्मरणार्थ.' लवू पत्र घेऊन कॉटन ग्रीनला गेला. बाकावरून धर्मा उठला आणि त्याने लवूच्या पाठीवर थाप मारली, "गाठलंस रं!" अष्टपुत्र्यांनी स्वतः हात मिळवला.

"अभिनंदन. आता डबा मिळेल. फक्त स्तंभ चौदा राहिलाय. ज्याच्या सोयीसाठी स्टेशन आहे, त्या श्रोत्याची सही अथवा अंगठा."

"तो मेला, साहेब. म्हणून तर अक्षर मिळालं."

अष्टपुत्र्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "म्हणजे अक्षर आहे, पण श्रोता नाही. श्रोता नाही म्हणजे स्टेशन नाही. स्टेशन नाही म्हणजे डब्याची गरज नाही. घाडी, तुमचं प्रकरण पूर्णपणे निकाली निघालं! असं क्वचित होतं." आणि निकाली निघाल्याचा शिक्का त्यांनी इतका जोरात मारला की लवूच्या बरगड्यांना ऐकू आला.

सील तोडल्याबद्दल लवूवर वेगळी केस झाली ती सात वर्षं चालली. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो कुशाबासारखाच अन्न न घेता गेला. वीसेक वर्षांनी गिरणी पाडली, चिमणी तेवढी शोभेला ठेवली, आणि साचेखात्याच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला. लवूला तिथे जनरेटरच्या खोलीत वायरमनचं काम मिळालं. तिसऱ्या मजल्यावर नवं एफएम स्टेशन आलं. त्यांना काहीतरी 'अस्सल गिरणगावी' हवं होतं. सरकारी भंगाराच्या लिलावात त्यांना एक बिस्किटाचा डबा मिळाला आणि डब्याला बांधलेली, कुणी न वापरलेली तीन अक्षरं. त्यांच्याकडून स्तंभ नऊ कुणी भरून घेतला नाही. त्यांचा अर्ज वरूनच आला होता.

रोज सकाळी सात वाजता ते तो भोंगा वाजवू लागले. पहिल्या दिवशी तळघरात जनरेटरपाशी रेडिओ लावून न्याहारीचा डबा उघडून बसलेल्या लवूचा हात घासासकट थांबला. फळी नव्हती, भिंत काँक्रीटची होती, तरी बरगड्या हादरल्या. मग रेडिओवर एक मुलगी चिवचिवली, "हाय मुंबई! सांगा बघू, आमच्या नावातला के म्हणजे काय? बरोबर उत्तराला गिरणीच्याच जागेतल्या आपल्या रेस्टॉरंटमध्ये दोघांचं जेवण!"

लवूने फोन लावला. एकवीस वेळा लागला नाही, बाविसाव्या वेळी लागला.

"के म्हणजे कुशाबा," तो म्हणाला. "माझे वडील. कागद आहे माझ्याकडे, शिक्क्याचा."

"ओ, सो स्वीट अंकल! पण नाही, चुकलं. के फॉर कूल!"

"कूल सी ने लिहितात," लवू म्हणाला. तोवर फोन कापला होता.

त्या सकाळी फोन लावणारे हजारो होते. तुम्हीही होतात. आठवतंय? तुमचा लागला नाही, म्हणून थोडे हळहळलातही. मग "काय भन्नाट आवाज आहे रे, अगदी जुन्या मुंबईची आठवण येते" असं घरात म्हणून तुम्ही बशी पुढे ओढलीत. भोंगा झाला होता ना. तुम्ही जेवलात.